गोड्या पाण्याची रेघ

शुक्रवार, ४ सप्टेंबर १९३१. महाड.

ही वही आगबोटीच्या कोठारातली. पुढच्या पन्नास पानांवर बटाटे, तूप, कोळसा आणि पिण्याचं पाणी यांचे रोजचे आकडे आहेत, माझ्याच अक्षरात. मागची पानं कोरी आहेत. कागद वाया घालवणं माझ्या स्वभावात नाही, म्हणून आजपासून रोजनिशी.

आज मी महाड बंदरावर ‘कमळजा’ लाँचीचा कारकून म्हणून रुजू झालो. ही लाँच बाणकोटहून माणसं आणि माल घेऊन खाडीतून वर येते, दासगावला थांबते आणि भरती बरी असली तर महाडपर्यंत पोचते. सात वर्षं मोठ्या आगबोटीवर काढलेल्या माणसाला ही लाँच म्हणजे न्हाणीतलं घंगाळ. पण मंदीने आगबोटी मुंबईला ओळीने बांधून ठेवल्या आहेत, आणि घरी कुडपणला नाचणी बेणत बसण्यापेक्षा हे बरं. कुडपणच्या माळावर सातवी पास झालेला मी पहिला. आई अजून येणाऱ्याजाणाऱ्याला ते सांगते, आणि मी तिला कधी अडवलं नाही.

लाँच कंपनीच्या एजंटसाहेबांनी विचारलं, आगबोटीवर काम काय होतं? मी सांगितलं, कोळसा किती जळला, पाणी किती संपलं, शिधा किती खपला, त्यावरून बोट किती इंच वर आली, हे रोज संध्याकाळी बोटीची वाट आखणाऱ्या मालम साहेबाला काढून द्यायचो. साहेब चकित झाले. होणारच.

तो मालम साहेब मात्र विक्षिप्त होता. बसऱ्याच्या नदीत शिरलो की समुद्राचं नाही, नदीचं बादलीभर पाणी काढायला लावायचा आणि त्यात काचेची नळी सोडून डोळे बारीक करून बघत बसायचा. गोऱ्यांची चैन. त्या बादल्या मीच ओढल्या आहेत, पुढे पाणी ओतून द्यायचो.

रविवार, १३ सप्टेंबर.

लाँचीचा सारंग गोमाजी, मूळचा बाणकोटचा खारवी, आता महाडलाच घर, साठीला आलेला. तीस वर्षं सुकाणूच्या चक्रावर आहे आणि एकदाही तळाला लागलेला नाही, असं बंदरावर प्रत्येकजण मला सांगून गेला. स्वतः तो काहीच सांगत नाही. पान खातो आणि पाण्याकडे बघतो.

महाडच्या अलीकडे वळणावर पाण्याखाली एक लांबट खडक आहे, त्याला म्हैसधोंड म्हणतात. सगळी अडचण तिचीच. बाणकोटला लाँचीच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, रंगवलेल्या आकड्यांत पाणी तीन फूट दहा इंचांवर आलं की गोमाजी हात वर करतो आणि मग एक पोतं चढू देत नाही. माल धक्क्यावर पडून राहतो, व्यापारी बोंबलतात. मी त्याला विचारलं, बाणकोट ते महाड कोळसा जळतो ना? बॉयलरचं पाणी वाफ होऊन जातं ना? मग लाँच हलकी होऊन वर येते, तेवढा माल जास्त का घेत नाहीस?

तो म्हणाला, “नदीचं पानी आळशी हाय, दत्ताराम. खाडीवानी उचलीत नाय.”

पाणी आळशी! उद्या म्हणेल वारा चहाड्या करतो. मी हसलो नाही, पण तोंडावर दिसलं असावं.

गुरुवार, २४ सप्टेंबर.

काम फत्ते. दहा दिवस मी धक्क्यावर बसून पोती मोजली आणि नाळेवरचे आकडे वाचले. भाताची वीस पोती चढली की ‘कमळजा’ बरोबर एक इंच खाली बसते. वीसदा पडताळलं. आता बाणकोट ते महाड जळणारा कोळसा सात पोत्यांच्या वजनाचा आणि वाफ होऊन जाणारं पाणी दहा पोत्यांचं. म्हणजे सतरा पोत्यांचा भार वाटेतच नाहीसा होतो, आणि लाँच म्हैसधोंडेपाशी येईतो पाऊण इंचाहून जास्त वर आलेली असते. मग बाणकोटला पंधरा पोती जास्त घ्यायला हरकत काय? हातच्या काकणाला आरसा कशाला!

उत्साहाच्या भरात मी बायकोला, मैनाला, सगळं वाचून दाखवलं. ती भाकऱ्या थापत होती. त्यात प्रवासी वाटेत पाण्याचं एक पिंप पिऊन संपवतात, तेही मी वजा केलं होतं.

“पिऊन ते गेलं कुटं?” ती म्हणाली. “लोकांच्या पोटातच हाय ना? आनि लोक लाँचीवरच हायेत.”

तो आकडा मी तसाही वगळणारच होतो. वगळला.

शनिवार, ३ ऑक्टोबर.

एजंटसाहेबांनी माझा कागद दोनदा वाचला आणि पंधरा पोती जास्त घेण्याचा हुकूम काढला. हुकुमाखाली ‘गणित दत्ताराम यांचे’ असं लिहायला मीच सुचवलं. जबाबदारीची कामं उघड असावीत.

गोमाजीला हुकूम वाचून दाखवला. त्याने पानाची पिचकारी टाकली आणि म्हणाला, साहेबाचा हुकूम तो हुकूम.

शुक्रवार, ९ ऑक्टोबर. वद्य त्रयोदशी.

लाँच लागली.

भर दुपारची भरती, ऊन लख्ख, मी स्वतः लाँचीवर. म्हैसधोंडेवर आलो तशी खालून करकर झाली, माणसं एकमेकांवर कोलमडली आणि ‘कमळजा’ उभ्या जागी थांबली. गोमाजीने इंजिन उलटं फिरवायला लावलं, पण ओहोटी लागली होती, पाणी पायाखालून निघून गेलं. पन्नास माणसं होडीतून उतरवली. बायकांनी गुडघाभर चिखलातून लुगडी सावरत काठ गाठला. एक म्हातारी माझ्याकडे बघून म्हणाली, पितरांच्या पंधरवड्यात नवीन काही करू नये.

लाँच लागताच मी बांबू टाकून पाणी मोजलं, तेव्हा ते तीन फूट साडेदहा इंच होतं. माझ्या गणिताने लाँच तीन फूट दहालासुद्धा भरत नव्हती. मग लागली कशी?

नाळेवरचे आकडे तेव्हाच वाचायला हवे होते. पण लाँच चढून तिरकी झाली होती.

रविवार, ११ ऑक्टोबर.

चौकशी झाली. एजंटसाहेबांनी माझं गणित मुंबईला कंपनीच्या कचेरीत पाठवलं होतं, तिथून उत्तर आलं की बेरीज-वजाबाकी बिनचूक आहे. बिनचूक आहेच. म्हणजे मग चूक राहिली ती चक्राची. साहेबांनी मला विचारलं, सारंग नेहमीच्या वाटेवरून गेला होता का? मी म्हणालो, असेल, दोन हात डावीकडे सरकला असेल, पाण्यात रेघ थोडीच मारलेली असते.

एवढंच म्हणालो. यात खोटं काय?

गोमाजीला चक्रावरून उतरवलं. दिवाळीपर्यंत मुंबईचा बदली सारंग लाँच चालवेल, दिवाळीनंतर गोमाजी कायमचा घरी. तो पानाची चंची उचलून खाली उतरला, आणि जाताना चक्राला हात लावून तो कपाळाला लावला.

माझी मान ताठ आहे. तरी जेवण गेलं नाही. मैनाने विचारलं, काय झालं, तर मी तिच्यावर उगाच खेकसलो.

मंगळवार, २० ऑक्टोबर. दसरा.

नव्या हुकुमाने लाँच पुन्हा तीन फूट दहावर भरतात. बदली सारंग रोज चालवतो, लागत नाही. पण तो म्हैसधोंडेवर आला की घाम पुसतो, मी पाहिलंय.

आज चक्राची पूजा. दरवर्षी झेंडूचं तोरण गोमाजीच्या घरून येतं. यंदाही आलं. तो स्वतः घेऊन आला, पण फळीवर पाय ठेवला नाही. काठावरून मला हाक मारली, तोरण माझ्या हातात दिलं आणि चक्राला बांध म्हणाला. मग आपट्याची पानं काढून माझ्या हातावर ठेवली. वयाने लहान मी, वाकायचं मी, सोनं आधी द्यायचं मी. माझ्या लक्षात येईपर्यंत तो वळून गेलासुद्धा.

तोरण बांधलं. गाठ तीनदा सुटली.

बुधवार, २८ ऑक्टोबर.

आजची हकिगत नीट क्रमाने लिहितो.

आईने कुडपणहून पाटीभर आवळे पाठवले. मैना ते खारात घालायला बसली. बरणीत विहिरीचं पाणी, त्यात आवळे टाकले, ते गडगडत तळाला गेले. मग ती मूठ मूठ मीठ घालून पळीने ढवळत राहिली. मी सहज बघत होतो. एक आवळा हलला. मग दुसरा. मीठ वाढत गेलं तसे एकेक करत सगळे आवळे वर आले आणि बरणीच्या तोंडाशी दाटले.

मैना म्हणाली, नदीवरून आणलेला गुळगुळीत दगड द्या. मी विचारलं, दगड कशाला?

“खारट पानी वर ढकलतं ना. दगड नाय ठेवला तर वरले आवळे काळे पडतात.”

“हे तुला कोणी सांगितलं?”

“सांगायला कशाला पायजे कोनी? दर वर्सी करते.”

मी दगड हातात घेऊन उभाच राहिलो. खारं पाणी वर ढकलतं. गोडं पाणी ढकलत नाही. बाणकोटला पाणी खारट, आणि महाडला सावित्री अजून पावसाने भरलेली, गोडी. तीच लाँच, तेवढाच भार, पण वर आली की बसते. आगबोटीवर आम्ही सदा खाऱ्या पाण्यात, हे मला दिसलंच कधी नाही. दिसलं नाही कसं म्हणू? बसऱ्याच्या बादल्या ओढल्या कोणी? साहेब नळी सोडून हेच बघत होता, आणि मी गाढव पाणी ओतून देत होतो.

नदीचं पाणी आळशी. तो म्हणाला होता. पहिल्याच आठवड्यात म्हणाला होता, आणि मी तोंड वाकडं केलं होतं.

मैनाला वाटलं मला ताप भरला. तिने कपाळाला हात लावून पाहिला.

शुक्रवार, ३० ऑक्टोबर.

औषधाची लांब मानेची बाटली घेतली, वाळू भरून बूच बसवलं. महाडच्या धक्क्यावर पाण्यात सोडली, मान बुडाली तिथे दोरा बांधला. काल बाणकोटला जाऊन तीच बाटली खाडीत सोडली. दोरा पाण्याच्या दोन बोटं वर आला.

तो हिशेब लाँचीला लावला. बाणकोटहून महाडला येता येता निव्वळ गोड्या पाण्यामुळे ‘कमळजा’ इंचभर बसते. कोळसा आणि पाणी जळून वर येते पाऊण इंच आणि थोडी. म्हणजे वर येतच नाही, उलट किंचित खालीच जाते. माझ्या पंधरा पोत्यांसकट त्या दिवशी ती तीन फूट अकरा इंच बसली होती, आणि पाणी होतं साडेदहा. गोमाजी नेहमीच्याच वाटेवर होता. दोन हात डावीकडे कोणी सरकलं असेल तर ते मी.

हे माझ्याशिवाय कोणाला ठाऊक नाही. कचेरीला नाही, साहेबांना नाही. वही बंद केली की झालं. हे लिहिलं, कारण दिवसभर तेच मनात घोळत होतं.

मैनाला मात्र सांगितलं. ती एवढंच म्हणाली, की त्या सारंगाची बायको साळूबाई बाजारात भेटली होती, तो घरी जेवायला बसला की भिंतीकडे तोंड करतो.

रविवार, १ नोव्हेंबर.

सकाळी एजंटसाहेबांच्या घरी गेलो. बाटली बरोबर नेली. दोन घंगाळं मागून घेतली, एकात मीठ टाकलं, बाटली दोन्हींत सोडून दाखवली. मग म्हणालो, साहेब, चूक चक्राची नव्हती, कागदाची होती. कागद माझा आहे.

साहेबांनी बाटली स्वतः दोन्ही घंगाळांत सोडून पाहिली. “तुम्ही बोलला नसतात तर कोणाला कळलं नसतं.”

“मला कळलं होतं,” मी म्हणालो.

ते संतापले ते वेगळंच. कंपनीकडे गेलेलं गणित आता खोटं ठरणार, हसं त्यांचंही होणार. शेवटी म्हणाले, दिवाळीची गर्दी त्रयोदशीला येते. तीच तिथी, तेवढंच पाणी. त्या दिवशीएवढाच भार घेऊन, पंधरा पोत्यांच्या जागी माणसं, गोमाजीला चक्रावर घेऊन लाँच महाडला आणून दाखवा. आणलीत तर चक्र त्याचं. लागली तर तुम्ही दोघंही घरी, आणि लाँच यापुढे दासगावलाच थांबेल.

मी हो म्हणून बसलो. उचलली जीभ लावली टाळ्याला. तेवढाच भार म्हणजे तीन फूट अकरा, पाणी साडेदहा. आता अर्धा इंच कुठून आणू?

मंगळवार, ३ नोव्हेंबर.

गोमाजीकडे जाऊन पायावर डोकं ठेवलं आणि सगळं सांगितलं. तो म्हणाला, उठ, तुला पानी कळाया दोन महिने लागले, मला सात वर्सं लागली होती.

मग दोघं अंगणात खडूने आकडे मांडत बसलो. मी सांगत होतो, लाँचीवर काय काय वजन असतं. परतीच्या कोळशाचा आकडा मांडला तसा त्याने माझं मनगट धरलं. परतीचा कोळसा, सात पोत्यांचा. तो आपण महाडपर्यंत उगाच मिरवत नेतो आणि उगाच परत आणतो. दासगावच्या धक्क्यावर ठेवला तर? आणि बॉयलरचं परतीचं पाणी, दहा पोत्यांचं, ते तर दासगावच्या पुढे न्यायचंच कशाला? महाडला सावित्री भरून वाहतेय. जे गोडं पाणी आम्हाला बुडवतं तेच बॉयलरला पाजू.

पुन्हा सतरा पोती. पुन्हा पाऊण इंच आणि थोडी.

अर्धा माझा, अर्धा त्याचा. कोणता अर्धा कोणाचा, हे मी मांडत बसलो नाही. ही माझ्या बाबतीत मोठी गोष्ट आहे.

शनिवार, ७ नोव्हेंबर. वद्य त्रयोदशी.

बाणकोटला लाँच खच्चून भरली. मुंबईचे चाकरमानी, ट्रंका, फटाक्यांच्या पेट्या, नव्या लुगड्यांची बोचकी. गोमाजी चक्रावर चढला तेव्हा जुन्या खलाशांनी टोप्या काढल्या. नाळेवर पाणी तीन फूट पावणेअकरा. त्याने हात वर केला नाही, माझ्याकडे पाहिलं, आणि लाँच सोडली.

दासगावला कोळशाची पोती उतरवली, परतीचं पाणी टाकीतून सोडून दिलं. बसल्या जागी उशीर होतोय म्हणून एक चाकरमानी ओरडला, ये क्या तमाशा है. मैनाला मी मुद्दाम महाडहून बैलगाडीने दासगावला बोलावलं होतं. तुझ्या आवळ्यांची परीक्षा आहे, ये, म्हटलं होतं. ती आयुष्यात पहिल्यांदा लाँचीवर चढली, मांडीवर आवळ्यांची छोटी बरणी घेऊन, आणि चक्राजवळच बसली.

वळण आलं. मी नाळेवर बांबू घेऊन. नाळेवरचा आकडा तीन फूट दहा. बांबूवर पाणी साडेदहा. अर्धा इंच. दोन महिन्यांचा जीव त्या अर्ध्या इंचात. गोमाजीने इंजिन इतकं हळू करायला सांगितलं की काठावरची म्हैस आमच्याहून जोरात चालत होती. मी मोठ्याने आकडे सांगत होतो. साडेदहा. साडेदहा. साडेदहा.  मग अकरा. मग तळ एकदम सव्वा फूट खाली. मला वाटलं बांबू चुकला. पुन्हा टाकला, तळच लागेना.

मागून मैनाचा आवाज आला. “सारंगकाका, म्हैसधोंड कवा येनार?”

“गेली गो पोरी,” गोमाजी म्हणाला. “मागं बघ.”

मी मागे पाहिलं नाही, कारण डोळे भरले होते आणि नाळेवरच्या माणसाने पुढे बघायचं असतं.

महाडच्या धक्क्यावर माणसांची झुंबड. एजंटसाहेबांनी सगळ्यांदेखत माझा हात हातात घेतला आणि विचारलं, हे गोड्या पाण्याचं तुम्हाला सुचलं कसं? उत्तर मी तीन दिवस घोकलं होतं. आगबोटीवरचा अनुभव, बसरा, मालम साहेब. तोंड उघडलं आणि निघालं ते भलतंच. म्हणालो, पाणी आळशी आहे हे गोमाजींनी सांगितलं, ते मी ऐकलं नाही. मग आमच्या मंडळींनी आवळे खारात घातले, तेव्हा ऐकलं. गणित तेवढं माझं.

धक्का खो खो हसला. मला राग आला नाही. मैनाने पदर तोंडावर ओढून घेतला होता आणि तिचे खांदे हलत होते. आनंदाने रडत असावी, बिचारी.

सोमवार, ९ नोव्हेंबर. लक्ष्मीपूजन.

हुकूम आला. ‘कमळजा’च्या नाळेवर तीन फूट दहाच्या खाली इंचभर अंतरावर दुसरी रेघ कायमची मारावी. खाडीच्या पाण्यात लाँच या खालच्या रेघेपर्यंत भरली तर ती महाडच्या गोड्या पाण्यात आपसूक वरच्या रेघेपर्यंत बसते. कोळसा-पाण्याची वजाबाकी वेगळी मांडायची. आणि हे सर्व ज्यांनी शोधलं त्यांची नावं कचेरीला कळवावीत. मी तीन नावं लिहिली. माझं शेवटी लिहिलं, जरा मोठ्या अक्षरात.

सकाळी ओहोटीला लाँच उघडी पडली तसा मी पांढरा रंग घेऊन चिखलात उतरलो. पट्टी लावून, श्वास रोखून रेघ मारत होतो. गोमाजी अंघोळ करून, नवं धोतर नेसून, तोंडात आवळा चघळत माझ्या मागे येऊन उभा राहिला.  बरणी त्याने काल एका दिवसात अर्धी केली, असं साळूबाई सांगत होती.

मग म्हणाला, “तीस वर्सं ही रेघ बघत आलोय, दत्ताराम. आज तिला रंग लागला.”

मी पट्टी काढली आणि ब्रश त्याच्या हातात दिला. शेवटची वीतभर रेघ त्याने पट्टीशिवाय ओढली. ती माझ्यापेक्षा सरळ आहे, हे इथे लिहून ठेवतो.